एकोणिसाव्या नंबरची धनको

४ मार्च

धाकट्या,

काल तू आलास काय, पाकीट माझ्या हातात कोंबलंस काय, आणि चहासुद्धा न घेता बस पकडायला पळालास काय. तू गेल्यावर मी पैसे दोनदा मोजले. माझा माझ्यावरच विश्वास बसेना म्हणून खालच्या चावीवाल्याकडूनही मोजून घेतले. पूर्ण आहेत. नऊ वर्षांपूर्वी तुझं चष्म्याचं दुकान उघडताना दिले होते तेवढेच, एक पैसाही कमी नाही. तुला म्हटलं होतं ना, घाई नाही म्हणून? पण आलेत तर कशाला खोटं बोलू, फार बरं वाटलं. चावीवाला म्हणाला, हल्ली सख्खा भाऊ एवढं करत नाही. मी म्हटलं, माझा करतो.

आता ऐक. समोरच्या इमारतीत तळमजल्यावर एक गाळा रिकामा झालाय. इथे दोन जिने चढून कोण येणार माझ्याकडे पॅन्ट आखूड करायला? म्हातारी गिऱ्हाइकं तर खालूनच हाक मारतात, आणि मग हे गुडघे घेऊन मीच खाली जाते. त्या गाळ्यासाठी मी तुझ्या पैशांतून अनामत भरून टाकली. मालकाला एक जामीन हवा आहे. मी छाती पुढे काढून सांगितलं, माझा भाऊ आहे, स्वतःचं दुकान आहे त्याचं. फॉर्म सोबत जोडलाय. खालच्या रेघेवर सही कर आणि लगेच परत पाठव. फोनवर सांगू नकोस, मशीनच्या आवाजाने माझा उजवा कान गेलाय आणि डाव्याचं काही खरं नाही.

ठकीला पापी.

ताई


२८ मार्च

ताई,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. गाळ्याचं वाचून खूप आनंद झाला. तू तळमजल्यावर बसलेली, दारावर पाटी, असं डोळ्यांसमोर आलं.

जामिनाचं मात्र तूर्त राहू दे. माझे दुकानाचे कागद सध्या इकडे तिकडे आहेत. चावीवाल्याला विचारून बघ, माणूस भला दिसतो. मी दुकान जरा आवरतं घेतोय. घरही बदललं, लहान घेतलं, ठकीला शाळा जवळ पडते. नवा पत्ता पाकिटावर आहे. बाकी सगळं ठीक.

आणि हो, कुणी अनोळखी माणसाने फोन करून माझी चौकशी केली तर सरळ ठेवून दे.

धाकटा


६ एप्रिल

धाकट्या,

मी काय कुकुलं बाळ आहे? तुझ्या बायकोने नको म्हटलं, असंच ना? मला ठाऊक होतं. बारा वर्षांपूर्वी तिच्या कोटाची बाही माझ्या हातून दोन बोटं तोकडी झाली, ते ती अजून विसरलेली नाही. तिला सांग, मी तुझं घर लिहून मागत नाहीये, एक सही मागतेय. आणि तू पण. घरात बायकोपुढे तोंड उघडत नाहीस आणि मला कागद इकडे तिकडे आहेत म्हणून सांगतोस.

ते राहू दे. मी मालकाला तुझं नाव आणि दुकानाचा पत्ता देऊन टाकलाय. तो म्हणाला, सही मागाहून आली तरी चालेल, नाव तपासलं की झालं. हल्ली मशीनमध्ये सगळ्यांचं सगळं दिसतं म्हणे. बघू दे की. आपल्याकडे लपवण्यासारखं काय आहे?

ताई


२५ एप्रिल

धाकट्या,

मालकाने आज मला बसायला खुर्ची दिली. एरवी देत नाही. मग दार लोटून घेतलं आणि म्हणाला, बाई, तुमचा भाऊ जामीन राहू शकत नाही, त्याचं नाव दिवाळखोरांच्या यादीत आहे.

मी त्याच्याशी पाव तास भांडले. एकाच नावाची दहा माणसं असतात म्हणाले. तुमचं मशीन बिघडलंय म्हणाले. माझ्या भावाने गेल्याच महिन्यात माझं सगळं देणं फेडलंय, आणि तुम्ही कुणाबद्दल बोलताय, असं त्याला दरडावून विचारलं. तो बिचारा ऐकून घेत होता. शेवटी त्याने पडदा माझ्याकडे वळवला. दुकानाचा पत्ता वाचला. तुझाच.

जामीन नाही म्हणून त्याने सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागितलं. तुझ्या पैशांतलं उरलेलं सगळं त्यात गेलं. मशिनं कालच खाली आणली आहेत, आता मागे कशी फिरू.

खरं काय ते लिही. गोड गोड लिहायचं असेल तर तिकीट फुकट घालवू नकोस.

ताई


३ मे

ताई,

तुझं पत्र तीन दिवस खिशात घेऊन फिरतोय. आज बसलो.

खरं आहे. मी नादारीचा अर्ज केलाय. म्हणजे कोर्टाला लेखी सांगितलंय की माझ्याकडे फेडायला काही नाही. समोर ती मोठी चष्म्याची साखळी आली, एकावर एक फुकटवाली, तेव्हापासून दुकान बसतच गेलं. भाडं द्यायला एक कार्ड वापरलं, त्या कार्डाचा हप्ता द्यायला दुसरं. अशी पाच कार्डं झाली. दोन बँका, काचांचे घाऊक व्यापारी, फ्रेमवाले, वीज कंपनी. दिवसाला तीस फोन यायचे. ठकी फोन उचलून 'बाबा अंघोळीला गेलेत' म्हणायला शिकली. एकदा तिने विचारलं, एवढी अंघोळ कोण करतं? त्या दिवशी मी अर्जाचे कागद आणले.

आता फोन बंद झाले. त्याबद्दल कोर्टाचे उपकारच. बाकीचं मात्र ऐक, तूच म्हणालीस खरं लिही.

खातं गोठवलं होतं. आता नवं मिळालंय, त्यात जेवढे आहेत तेवढेच काढता येतात, चेक नाही, कार्ड नाही. बँकेतली मुलगी आधी गोड बोलत होती. माझं नाव टाकल्यावर तिने आपला पडदा थोडा स्वतःकडे वळवून घेतला. घर हिच्या नावावर घ्यावं लागलं, माझं नाव बघून दोन घरमालकांनी नकार दिला. भाडेकरारात मी भाडेकरू नाही, 'सोबत राहणारी व्यक्ती' आहे. ही उठता बसता चेष्टा करते, सोबत राहणाऱ्या व्यक्तीने कचरा टाकून यावा. मी हसतो. तीही हसते, पण तिचे डोळे सुजलेले असतात. तिला उगाच बोललीस, ताई. जामिनाचा फॉर्म मी तिला दाखवलाच नव्हता.

कपडे धुवायचं मशीन बंद पडलं तेव्हा मी वेड्यासारखा हप्त्यावर घ्यायला गेलो, ठकीला घेऊन. विक्रेत्याने नाव टाकलं, बघितलं, आणि आवाज खाली करून म्हणाला, साहेब, तुमचं होणार नाही. मोठ्याने म्हणाला असता तर भांडलो तरी असतो. ठकी बाहेर येऊन म्हणाली, मला हाताने धुवायला आवडतं. नऊ वर्षांची आहे ती. हा डाग सहा वर्षं राहणार. म्हणजे ती पंधराची होईपर्यंत तिचा बाप हप्त्यावर इस्त्रीसुद्धा घेऊ शकणार नाही.

नोकरी करतो. कुठे विचारू नकोस. बरं, विचार. त्याच साखळीच्या दुकानात, माझ्या जुन्या दुकानाच्या समोर. निळा सदरा, खिशावर बिल्ला. जुनी गिऱ्हाइकं येतात आणि विचारतात, तुमचं दुकान? मी सांगतो, जरा बदल हवा होता.

आणि कोर्टाने नेमलेल्या एक अधिकारी बाई आहेत. त्यांना दर महिन्याला घरखर्चाचा तक्ता द्यावा लागतो. केस कापणे, वही, साबण, सगळं. केस मी आता घरीच कापतो, त्यामुळे मला टोपी घालून फिरावं लागतं. पहिल्याच महिन्यात माझ्याकडून एक गाढवपणा झाला. माझं नाव वर्तमानपत्रात छापून येणार होतं, नोटीस म्हणून. त्या सकाळी मी कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याकडचे सगळे अंक विकत घेतले. पाच होते. जणू गावात दुसरीकडे पेपर मिळतच नाही. मग ते पाच अंक तक्त्यात लिहावे लागले, नाहीतर हिशेब जुळेना. बाईंनी त्यावर लाल पेनाने गोल केलाय. पुढच्या वेळी विचारणार.

आता मुख्य गोष्ट. इथपर्यंत तुझ्यासमोर मान खाली घालून का होईना, लिहिलं.

तुला दिलेले पैसे मी दुकानातलं डोळ्यांचा नंबर तपासायचं मशीन विकून आणले. अर्जाच्या अकरा दिवस आधी. मला वाटलं, बाकी सगळं बुडालं तरी बहिणीचं तरी बुडवायचं नाही. मोठा पुरुषार्थ केल्यासारखं वाटत होतं त्या दिवशी बसमध्ये. कायदा नेमका उलटा आहे. बुडणाऱ्याने घरच्यांना आधी देऊन बाहेरच्यांच्या तोंडाला पानं पुसायची नाहीत. दिलेले असतील तर ते परत घेऊन सगळ्यांत वाटतात. फॉर्मवर स्पष्ट प्रश्न आहे: गेल्या वर्षभरात कुणा नातेवाइकाला रक्कम दिली आहे का? मी 'नाही' लिहिलं.

खरं सांगितलं तर तुझा गाळा जाईल. नाही सांगितलं आणि सापडलो, तर खोटी शपथ. मग नादारी रद्द, तीस फोन परत सुरू, आणि कदाचित त्याहून वाईट. १९ तारखेला बाईंकडे जायचंय. ताई, तुझ्याकडे त्यांचं पत्र येईल, सगळ्या नातेवाइकांना जातं. तू... काय लिहायचं ते तूच ठरव. मी तुला सांगणार नाही. असं म्हणतोय खरा, पण हे पत्र कशासाठी लिहिलं ते तुला कळलंच असेल.

धाकटा


१९ मे

धाकट्या,

तुझं पत्र वाचून आधी तुझा राग आला, मग माझाच आला. तुझ्या बायकोला मी काय काय बोलले. तिला माझ्यातर्फे सांगू नकोस, मी स्वतः सांगेन, फक्त मला जरा वेळ दे.

बाईंचा कागद आला. अर्जदाराकडून आपल्याला वर्षभरात काही रक्कम मिळाली आहे का, हो किंवा नाही. मी दोन दिवस तो मशीनच्या खणात ठेवला. आयुष्यात मी गिऱ्हाइकाला उद्याचं परवा सांगितलं असेल, तेवढंच माझं खोटं. पण गाळ्यात बसून बघत होते, तीन म्हाताऱ्या बायका ओळीने आल्या, स्वतःच्या पायांनी, आणि माझं डोकं फिरलं. बँकांना काय फरक पडतो? आणि तुझ्यामागे पुन्हा ते फोन नकोत. मी 'नाही' वर खूण केली, सही केली, आज टपालात टाकलं.

चावीवाल्यालाही सांगून ठेवलंय. तो म्हणाला, मी कुणाचे पैसे मोजलेच नाहीत. आज बाईंकडे तूही 'नाही'च म्हणाला असशील, आता पुढेही तोंड उघडू नकोस. आपल्या दोघांचं 'नाही' जुळलं की विषय संपला.

ताई


१९ मे

ताई,

आज बाईंकडे जाऊन आलो आणि मी सांगून टाकलं.

ठरवून गेलो नव्हतो. उलट जाताना पाठ करत होतो, नाही, नाही, नाही. त्यांनी आधी पाच पेपरचं विचारलं. मी म्हटलं, लाज वाटत होती, लोकांनी वाचू नये म्हणून घेतले. मला वाटलं हसतील. त्यांनी मान वर न करता लिहून घेतलं, आणि म्हणाल्या, बरेच जण घेतात. मग विचारलं, आणखी काही सांगायचं राहिलंय? आणि ताई, माझ्या तोंडून तुझं नाव बाहेर पडलं. रक्कम, तारीख, मशीन कुणाला विकलं, सगळं.

त्यांनी फॉर्म दुरुस्त करून दिला. स्वतःहून सांगितलं म्हणून माझी नादारी टिकेल असं म्हणाल्या. पण पैसे तुझ्याकडून मागावे लागतील. मी माझी कातडी वाचवली आणि तुझ्या पायाखालची जमीन विकली, असं वाटतंय. तू त्यांच्या कागदावर अजून काही लिहिलं नसशील तर देवाशपथ खरं लिही. आणि मला शिव्या घाल, पण लिही.

धाकटा


१२ जून

धाकट्या,

आपली दोन पत्रं वाटेत एकमेकांच्या शेजारून गेली. तुझं पोचलं तेव्हा माझं खोटं त्या बाईंच्या टेबलावर सहीसकट पडलेलं.

रात्रभर अंथरुणात बसून होते. मग सकाळची बस पकडली. तुला कळवलं नाही. बाईंचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट बंद. वर पोचेपर्यंत जे पाठ केलं होतं ते सगळं विसरले. म्हणून सरळ म्हणाले, मी खोटं लिहून दिलंय, ते परत द्या. त्या माझ्या मुलीच्या वयाच्या असतील, असती तर. म्हणाल्या, परत देता येत नाही, पण दुसरं लिहून द्या, दोन्ही फाइलीत राहतील. म्हणजे माझं खोटं कायमचं फाइलीत. मी खरं लिहिलं, तेव्हा अक्षर असं आलं की त्यांनी विचारलं, पाणी हवंय का.

गाळा सोडला. मालकाने एका महिन्याचं भाडं कापून बाकी दिलं, भला निघाला. जे कमी पडलं त्यासाठी काठ शिवायचं मशीन विकलं. माझ्याकडे साधं आहे, मी शिकले तेव्हा साधंच होतं. पैसे भरून पावती घेतली. मी परत दुसऱ्या मजल्यावर आहे. चावीवाला वर येऊन विचारून जातो, खालून काही आणायचं का.

आणखी एक सांगायचंय. त्या दिवशी ऑफिसातून निघून मी तुझ्या दुकानापाशी गेले होते, म्हणजे त्या साखळीच्या. काचेतून तू दिसलास. निळा सदरा. एका म्हाताऱ्याच्या नाकावर फ्रेम नीट बसवत होतास, फार हळू. डोक्यावर टोपी. मी आत यायला हवं होतं. पण मला वाटलं, तू मला बघून खाली बघशील, आणि ते मला बघवणार नाही. मी फिरले आणि बसस्टॉपवर येऊन बसले. तुला एकट्यालाच लाज वाटते असं समजू नकोस.

काल बाईंचं छापील पत्र आलं. मी पैसे परत भरले, म्हणजे तू माझं लागत होतास ते देणं पुन्हा जिवंत झालं म्हणे. आता मी तुझी धनको. तू ज्यांचं देणं लागतोस त्यांची यादी आहे, त्यात बँका, कार्डवाले, वीज कंपनी, आणि एकोणिसाव्या नंबरवर मी. शेवटची. ५ जुलैला धनकोंची सभा आहे. प्रत्येक धनकोला अर्जदाराला प्रश्न विचारायचा हक्क आहे, आणि अर्जदाराने शपथेवर उत्तर द्यायचं आहे.

मी येणार आहे. मला एकच विचारायचंय.

ताई


९ जुलै

ताई,

एकोणीस खुर्च्या मांडल्या होत्या आणि आली एकटी तू. बँकेने माणूससुद्धा पाठवला नाही. जिच्यापासून मला तोंड लपवायचं होतं, तीच नेमकी पहिल्या रांगेत, चांगली साडी नेसून.

तू उभी राहून विचारलंस, "एवढं सगळं होत होतं, मशीन विकलंस, माझ्या दारापर्यंत आलास, पाकीट दिलंस. तेव्हाच का नाही सांगितलंस?"

बाईंनी किती वेळ वाट बघितली ते तू पाहिलंस. मग त्यांनी लिहिलं, उत्तर दिले नाही, आणि मला आठ दिवसांत लेखी देण्यास सांगितलं. तू बसची वेळ झाली म्हणून निघालीस. जाताना दाराशी बसलेल्या हिच्या खांद्यावर हात ठेवलास, ते मी पाहिलं. घरी आल्यावर ही म्हणाली, तुमच्या बहिणीला पुढच्या वेळी मुक्कामाला बोलवा, भाडेकरू मी आहे.

तर हे लेखी उत्तर. याची एक प्रत बाईंना देतोय, कारण शपथ अजून चालू आहे.

लाज वाटली असं लिहिणार होतो. ते खरं आहे, पण सगळं नाही. त्या दिवशी तुझ्या दारात उभा होतो तेव्हा मला पक्कं ठाऊक होतं, मी सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस. ते पाकीट न उघडता माझ्या खिशात परत घातलं असतंस, वर पोस्टातली तुझी शिल्लकही काढून आणली असतीस. म्हणून मी चहालासुद्धा थांबलो नाही.

कारण मी ते पैसे घेतले असते, ताई.

धाकटा